चौदा नंबरवरची बिननावाची फांदी

मी, रेजिनल्ड थॉमस हेस्लॉप, वय वर्षे ब्याऐंशी, रेल्वेच्या सिग्नल केबिनमधून निवृत्त, राहणार ३१, क्वारी लेन, हेदरविक, परगणा डरॅम, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडे आले आहे. डोके थरथरत नाही. मी हे कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती माझी पत्नी मार्जोरी, आणि तिला जाऊन सहा वर्षे झाली. १९८८ साली वकिलाकडून करून घेतलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात सगळे मार्जोरीला दिले होते.

१. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी मुलगी लोर्ना हिला नेमतो. ती लीड्सला असते आणि कामाला चोख आहे. मात्र माझे बोलणे अर्धे ऐकून "हो बाबा" म्हणण्याची तिला सवय आहे, तेव्हा या वेळी तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. माझे दहन करावे व रक्षा मार्जोरीशेजारी ठेवावी. ती बागेत, झाडाच्या बुंध्याशी ओतण्याचा भावुकपणा कोणी करू नये. माणसाच्या राखेत मीठ फार असते. झाडाला ते मानवत नाही.

२. घर, घरातले सामान आणि बँकेतली शिल्लक लोर्नाला. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे, मी काही भूत होऊन येणार नाही. माळ्यावर सफरचंदे ठेवायच्या फळ्या आहेत, त्या घर विकले जाईपर्यंत काढू नयेत. घराला वास चांगला येतो, आणि घर बघायला येणाऱ्यांना तो आवडतो असे ऐकून आहे.

३. माझी एकचाकी हातगाडी कीथ बॅम्बर यास देतो. ती १९९८ च्या मे महिन्यापासून त्याच्याकडेच आहे, त्यामुळे नेण्याआणण्याचा त्रास कोणाला पडू नये. "उद्या आणून देतो, रेज," हे त्याचे शब्द होते. त्याचा उद्या आता उगवला असे समजावे.

४. क्वारी लेनच्या बागांमधला चौदा नंबरचा तुकडा मी पन्नास वर्षे कसला. तो मी कोणालाही देऊ शकत नाही. जमीन नगरपालिकेची, कारभार आम्हा बागवाल्यांच्या मंडळाचा, आणि आम्ही भाडेकरू. माणूस गेला की तुकडा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या नावाकडे जातो. नवरा, बायको, मुलगा, कोणाचाही त्यावर हक्क नाही. हे सगळे ठाऊक असूनही गेले तीन आठवडे मी झोपताना मनातल्या मनात तो वाटत बसलो आहे.

जो कोणी यादीतून येईल, त्याचे वा तिचे नाव मला माहीत नाही, त्या व्यक्तीस मी माझी कुदळ, दोन्ही फावडी, पाण्याची तीन पिंपे आणि आंबट देठांच्या रुबार्बचे चार गड्डे देतो. रुबार्बला पहिल्या वर्षी हात लावू नये. कुंपणाकडेच्या कोपऱ्यात पाणी साचते, तिथे काही लावू नये. शेजाऱ्यांशी बोलावे. हा सल्ला मी स्वतः पाळलेला नाही, म्हणूनच तो किती मोलाचा आहे हे सांगू शकतो.

५. आता झाड.

चौदा नंबरवर एक सफरचंदाचे झाड आहे. १९६१ च्या नोव्हेंबरात मी आणि मार्जोरीने ते लावले. लोर्ना तेव्हा पोटात होती, म्हणून खड्डा मी खणला आणि हुकूम मार्जोरीने सोडले. झाड बुटक्या खुंटावर कलम केलेले होते, डोक्याएवढे वाढेल असे दुकानदाराने सांगितले होते. मी तोपर्यंत फक्त लीक, म्हणजे कांद्याचा लांब दांड्याचा भाऊबंद, एवढेच लावलेले. लीक जितके खोल लावाल तितका दांडा पांढराशुभ्र आणि लांब निघतो, आमच्याकडे पोरासोरांनाही हे कळते. म्हणून झाडही मी तसेच दाबून खोल लावले, कलमाचा जोड वीतभर मातीखाली गेला. जोड मातीत गेला की वरच्या झाडाला स्वतःच्या मुळ्या फुटतात आणि बुटका खुंट बसतो खाली बघत. माझे बुटके झाड वीस फूट झाले. दोन माणसांच्या कवेत बसेल एवढी चूक मी पन्नास वर्षे छाटत आलो आहे.

ही चूक मी कधी कोणापुढे कबूल केली नाही. विचारणाऱ्याला "जातच जोमाची आहे" असे सांगत आलो.

६. पलीकडे पंधरा नंबर होता आयडा पॅलिस्टरचा आणि त्यापलीकडे सोळा नंबर तिचा नवरा सिरिल याचा. सोळावर नुसते लीक. पंधरावर आयडाचे सगळे, आणि मधोमध तिचे सफरचंदाचे झाड. ते तिने विकत आणले नव्हते. एका नाताळात खाल्लेल्या फळाची बी तिने फुटक्या कपात रुजवली होती. बीपासून आलेले सफरचंद आईबापांवर जात नाही, निघेल ते निराळेच निघते. बहुतेकदा डुकरांपुढे टाकण्याच्या लायकीचे. आयडाचे मात्र छान निघाले. पिवळे, एका गालावर लाल, आणि देठाभोवती खरखरीत तपकिरी टोपी. त्याला तिने नाव ठेवले नाही. "एकच तर आहे, हाक कशाला मारायची?" असे म्हणायची.

तिचे झाड माझ्या पश्चिमेला होते. उन्हाळ्यात चार वाजले की माझ्या कांद्यांवर सावली येई. मी दोनदा सांगून पाहिले. सिरिल म्हणाला, "रेज, कांदे हलव की. झाडाला पाय नसतात." सगळे हसले. मी हसलो नाही.

त्या वेळी मी मंडळाचा चिटणीस होतो. १९९३ च्या वार्षिक सभेत मी नियम अकरा मांडला: भाडेकरूचा ताबा कोणत्याही कारणाने संपल्यास तुकड्यावरील सर्व झाडे अठ्ठावीस दिवसांत जमिनीलगत कापून तुकडा मोकळा करून द्यावा. मी सांगितलेले कारण होते नव्या भाडेकरूची सोय. खरे कारण होते कांदे. पॅलिस्टर नवराबायको लवकरच समुद्राकाठी बहिणीकडे राहायला जाणार असे मी ऐकले होते, ते गेले की झाड जाईल एवढाच माझा हिशेब. सभेतल्या निम्म्या लोकांना घरी जाऊन जेवायचे होते. नियम मंजूर झाला.

ते समुद्राकाठी गेले नाहीत. १९९७ च्या जानेवारीत आयडा गेली.

सिरिलने तिच्या झाडाला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः करवत घेऊन आला. मी चिटणीस म्हणून वही घेऊन उभा होतो, कारण नियमाप्रमाणे कोणीतरी उभे राहायला हवे होते. दीड तास लागला. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "झालं समाधान, रेज? घे आता ऊन."

त्या जूनमध्ये चार वाजता ऊन आले. साडेचारला पुन्हा सावली आली. मी वळून पाहिले. ती माझ्याच झाडाची होती, कुंपणालगतच्या माझ्याच वीस फुटांची. इतकी वर्षे दोन्ही सावल्या एकात एक मिसळून यायच्या आणि मी सगळी आयडाच्या नावावर टाकत होतो.

हे मी इथे पहिल्यांदा लिहीत आहे.

७. करवत चालू असताना पडलेल्या फांद्यांमधून मी सात काड्या उचलून कोटात घातल्या होत्या. का, ते त्या क्षणी मलाही सांगता आले नसते. मार्चमध्ये त्या माझ्या झाडावर कलम केल्या, पूर्वेच्या बाजूला, सोळा नंबरवरून दिसणार नाही अशा ठिकाणी. एक जगली.

मग ती खोडच लागली. मंडळात कोणी वारले की झाड कापले जाण्याआधी मी जाऊन काडी आणायचो. आज माझ्या झाडावर गेलेल्या आठ माणसांच्या फांद्या आहेत. सातांवर जस्ताच्या पट्ट्या आहेत, फळाचे नाव आणि माणसाचे नाव खिळ्याने कोरलेले. लोकांना वाटते, म्हाताऱ्याचा छंद आहे. बिननावाची फांदी एकच आहे.

त्या सात फांद्यांच्या काड्या झाड कापण्याआधी ज्यांच्या त्यांच्या घरच्यांना मिळाव्यात. यादी माझ्या शेडमध्ये बियांच्या डब्यात आहे. कोणाला नको असतील तर आग्रह करू नये, पण विचारावे जरूर.

८. माझ्या मृत्यूनंतर नियम अकरा मला लागू होईल. तो मीच लिहिला. माझ्यासाठी कोणी सवलत मागू नये. झाड कापावे, आणि सिरिल पॅलिस्टर तयार असेल तर कापण्याचा हक्क त्याचा आहे. माझी करवत मी त्याला त्यासाठीच ठेवतो. (करवतीचे हे वाक्य नंतर खोडले आहे. कारण खाली.)

९. (हा संपूर्ण परिच्छेद खोडला आहे. वाचता येईल असाच खोडला आहे.) सिरिल पॅलिस्टर, राहणार ४, चॅपल रो, यास: माझ्या झाडाची पूर्वेकडची बिननावाची फांदी. ती आयडाच्या झाडाची आहे. दरवर्षी तिला वीसेक फळे येतात. ती पिकली तर तू ओळखशील म्हणून मी ऑगस्टातच कच्ची तोडत आलो. पहिल्या वर्षी वाटले, कलम जगते की नाही बघू, मग सांगू. दुसऱ्या वर्षी वाटले, फळ धरू दे. त्यानंतर इतका उशीर झाला होता की सांगायचे कोणत्या तोंडाने, हा प्रश्न होता. लोर्नाने तुला हे पत्राने कळवावे अशी मी तिला सूचना देत आहे. मला क्षमा कर.

१०. परिच्छेद नऊ का खोडला, त्याची नोंद.

मंगळवारी ग्लेनिस कॉक्सन रक्तदाब तपासायला आली. ती आमच्या भागाची परिचारिका. साक्षीदार म्हणून सही करशील का असे मी तिला विचारले, आणि विचारता विचारता नववा परिच्छेद वाचूनही दाखवला. डॉक्टर माझ्या हृदयाबद्दल गोल गोल बोलतात, ग्लेनिस तशी बोलत नाही. दंडावरचा पट्टा न सोडताच ती म्हणाली, "अहो मिस्टर हेस्लॉप, म्हणजे हे त्यांना तुम्ही मेल्यावर कळणार?"

"हो. पत्रानं."

"मग त्यांनी भांडायचं कुणाशी? लोर्नाशी?"

तिने आकड्याकडे पाहिले. ती म्हणाली, "चौदा वर्षं साठलेलं आहे त्या माणसाचं. निदान समोर उभे तरी राहा. आणि गप्प राहा आता, आकडा वर चाललाय."

गुरुवारी मी काठी घेऊन सोळा नंबरवर गेलो. सिरिल शेडमध्ये लीकच्या रोपांचे ट्रे पुसत होता. चौदा वर्षांत आम्ही एकमेकांना मान हलवण्यापलीकडे काही केले नव्हते. मला दारात बघून तो म्हणाला, "काय रे, कोण मेलं?"

"अजून कोणी नाही," मी म्हणालो, आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. कांदे, नियम, साडेचारची सावली, काड्या. सांगताना आवाज केबिनमध्ये गाडीची वर्दी देताना यायचा तसा येत होता. दुसरा आवाज काढला असता तर मधेच बंद पडला असता.

त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. किटलीखालचा गॅस बंद केला. मग म्हणाला, "दाखव."

फेब्रुवारीत फांदीवर बघण्यासारखे काही नसते. पण त्याने ती हातात धरली आणि सोडली नाही.

"खाली झुकलीय," तो म्हणाला. "तिचीही अशीच झुकायची. मी म्हणायचो छाट, तर छाटू द्यायची नाही." मग माझ्याकडे बघितले. "फळं धरते म्हणतोस, मग मला कशी कधी दिसली नाहीत?"

"ऑगस्टमध्ये काढतो. कच्चीच."

"ऑगस्टमध्ये! अरे गाढवा, ती नोव्हेंबरच्या शेकोट्या पेटेपर्यंत झाडावर ठेवायची. ऑगस्टमध्ये त्याला चव तरी असते का?"

"माहीत नाही. पिकलेलं मी एकदाही खाल्लं नाही."

"मग करायचास काय त्यांचं?"

"मार्जोरी चटणी करायची."

"चटणी?"

"तिला सगळं माहीत होतं. एकदाच म्हणाली, 'रेज, पिकू दे की रे एक वर्ष.' मी ऐकलं नाही. मंडळाच्या दोन हजार चारच्या प्रदर्शनात ती चटणी ठेवली होती तिनं. तिसरं बक्षीस मिळालं."

सिरिल माझ्या पालथ्या बादलीवर बसला. "दोन हजार चारला चटण्यांना परीक्षक मी होतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"बरण्यांवर नुसते नंबर होते."

"हो."

"म्हणजे मी चाखलंय ते. आयडाचं सफरचंद, मार्जोरीचा हात." त्याने टोपी काढली. "तिसरं दिलं रे मी. तिसरंच दिलं."

आणि तो रडला. मीही रडलो. ब्याऐंशी आणि एकोणऐंशी वर्षांची दोन माणसे कुंपणापाशी बसून रडत होती आणि कीथ बॅम्बर माझी हातगाडी घेऊन समोरून गेला, त्याने काय समजायचे ते समजो.

त्यानंतर सिरिलने मला पंधराएक मिनिटे शिव्या दिल्या. हा कागद कोर्टापुढे जाऊ शकतो म्हणून त्या इथे उतरवत नाही. आयडाच्या आजारपणाच्या शेवटच्या दिवसांतल्या काही गोष्टीही त्यात होत्या, त्या मला माहीत नव्हत्या, आणि त्या त्याच्याच राहतील. मी एकाही वाक्याला उत्तर दिले नाही. त्या शिव्यांची माझ्याकडे चौदा वर्षांची बाकी होती, आणि त्या ऐकल्यावर मला बरे वाटले हे मी इथे नमूद करतो.

दम लागल्यावर तो थांबला. मी त्याला परिच्छेद आठबद्दल सांगितले, की मी गेल्यावर नियमाप्रमाणे हे झाड जाईल, आणि करवत त्याच्या नावावर ठेवली आहे.

"माझ्या नावावर?"

"तुझा हक्क आहे."

"आगीत घाल तो हक्क," सिरिल म्हणाला. फांदी अजून त्याच्या हातात होती. "एकदा कापलंय मी तिला, रेज. पुन्हा नाही कापणार."

११. वरील कारणाने मी पुढीलप्रमाणे ठरवले आहे.

शनिवारी, म्हणजे काल, आम्ही बिननावाच्या फांदीच्या काड्या काढल्या. माझ्या हाताला चाकू धरवत नाही, आणि सिरिलने आयुष्यात कलम केलेले नाही. म्हणून तोंड माझे आणि हात त्याचे. तिरका काप एका झटक्यात घे, करवतीसारखा घासू नको. साल सालीला भिडू दे. पट्टी घट्ट बांध. वरच्या टोकाला मेण लाव. तो म्हणाला, "बायकोनंही मला इतकं कधी टोकलं नाही." चार खुंट माझ्याकडे कुंड्यांत होते, चारांवरही कलमे झाली. जोड मातीच्या वर राहील याची मी जातीने खात्री केली. दोन जगतील असे वाटते. ही चारही कलमे मी जिवंतपणी, स्वतःच्या हाताने सिरिलला दिली आहेत. ती या मृत्युपत्राचा भाग नाहीत आणि त्यांवर माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही.

मूळ झाडाचे काय होईल ते मात्र आम्हा दोघांच्या हाती नाही. ते मंडळाच्या हाती आहे. वार्षिक सभा १९ मार्चला मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये आहे, आणि नियम अकरा रद्द करावा असा ठराव सिरिल मांडणार आहे. लीकवाले विरोधात जातील असे दिसते. त्यांना सावली नको असते, आणि नको म्हणायला त्यांना मी रचलेले कारण आयते सापडले आहे. म्हणून मी इथे साक्षीदारांसमक्ष जाहीर करतो: नियम अकरा मंडळाच्या भल्यासाठी लिहिलेला नाही. तो मी एका बाईच्या झाडावरच्या रागातून लिहिला, आणि ज्या सावलीचा मला राग होता ती अर्धी माझी स्वतःची होती. माझ्या पश्चात सभा झाल्यास हा परिच्छेद पाचव्यासह सभेत मोठ्याने वाचावा. एकही शब्द गाळू नये, खोल लावलेल्या झाडाबद्दलसुद्धा.

१२. हे शेवटचे मी आज, रविवारी, दोन्ही साक्षीदार टेबलाशी बसलेले असताना लिहीत आहे. ग्लेनिस सुट्टीच्या दिवशी आली आहे. दुसरा साक्षीदार धुतलेला सदरा घालून आला आहे आणि मघापासून विचारतो आहे, "मृत्युपत्र लिहितोयस की कादंबरी?"

ग्लेनिसने आत्ताच त्याला कायदा सांगितला. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळणे बुडते. "म्हणून विचारते, मिस्टर पॅलिस्टर, यात तुमच्या नावावर काही आहे का?"

सिरिलने चष्मा लावून सगळी पाने वाचली. खोडलेला नववा परिच्छेद दोनदा वाचला. मग म्हणाला, "यात माझं काही नाही. माझं माझ्या शेडमध्ये आहे, चार कुंड्यांत."

मग पाने माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आणि तो अकरावा परिच्छेद मी सभेत वाचणार नाही. हे असलं अक्षर कोण वाचणार? एकोणीस तारखेला तू स्वतः यायचंस आणि उभं राहून सांगायचंस."

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात—"

"मी डॉक्टरांना नाही विचारलं. साडेसहाला दारात येतो. कोट घालून तयार राहा."

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. खोडलेल्या ओळींशेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. तिघेही एकाच खोलीत, एकमेकांच्या डोळ्यांदेखत सह्या करत आहोत.

(सही) रेजिनल्ड टी. हेस्लॉप

साक्षीदार पहिली: (सही) ग्लेनिस कॉक्सन, परिचारिका, १२, स्टेशन टेरेस, हेदरविक

साक्षीदार दुसरा: (सही) सिरिल पॅलिस्टर, निवृत्त, ४, चॅपल रो, हेदरविक, भाडेकरू, तुकडा क्रमांक १६

स्थळ: हेदरविक
दिनांक: २७ फेब्रुवारी २०११